काळ्या मातीवरचं मचाण : आमच्या घराच्या कामाच्या नोंदी

22 ऑक्टोबर 2023

नोंदी ठेवायचं ठरवलं, कारण गोठा बांधला तेव्हा कोणाला किती दिले अन कोणत्या दिवशी काय भरलं याचा काहीच पत्ता नव्हता, शेवटी मिस्त्रीशी वाद झाला तो झालाच. यावेळी घर आहे. आर्वी तालुक्यातलं आमचं गाव, गावठाणाला लागून नाल्याच्या काठचं आमचं वावर, त्यातला वरचा तुकडा घरासाठी सोडलाय. माती काळी. इतकी काळी की मे महिन्यात भेगेत पऱ्हाटी घातली तर अख्खी आत जाते.

आत्ताचं घर आजोबांनी बांधलेलं, दोन हात पायवा, त्यात गोटे. त्याच्या मधल्या खोलीचं दार म्हणजे आमचं पंचांग. पावसाळ्यात खांद्यानं ढकलावं लागतं, दिवाळीनंतर मोकळं होतं, अन उन्हाळ्यात चौकटच अशी वाकडी होते की कडी लागत नाही. दरवर्षी बाबा भेगा बुजवतात आणि दरवर्षी त्या पुन्हा तिथंच येतात.

मागच्या मार्चमध्ये मी एक उद्योग केला होता. पाच भेगांवर काचेच्या पट्ट्या सिमेंटनं दोन्ही बाजूंना चिकटवल्या, तारीख लिहून. भिंत हलली की काच तडकते. पाचपैकी चार तडकल्या, पण सगळ्यात आधी तडकली ती दक्षिणेच्या कोपऱ्यातली, एप्रिल संपायच्या आत. बरेच दिवस डोकं खाजवलं की इथंच काऊन. मग एका दुपारी झोपेतून उठलो अन खिडकीबाहेर टपटप ऐकू आलं. कूलर! आमचा कूलर चार महिने त्याच कोपऱ्याच्या बुडाशी पाणी गाळतो. म्हणजे घराच्या एका कोपऱ्याखाली भर उन्हाळ्यात श्रावण, अन बाकी तीन कोपऱ्यांखाली भेगा. एका खालची माती फुगून राहिली, बाकीच्यांखालची आकसून राहिली, मग भिंत बिचारी काय करणार. माती सगळीकडून सारखी ओली असती किंवा सारखी कोरडी असती तरी घर इतकं फाटलं नसतं असं आता वाटतं.

5 नोव्हेंबर 2023

जागेची दुसरी भानगड म्हणजे नाला. एरवी त्यात घोट्याइतकं पाणी, पण वर्धा नदी फुगली की ती नाल्याचं पाणी घेत नाही अन ते उलटं आमच्याकडं सरकतं. 30 जुलै 1991 ला नदीच्या वरच्या अंगाचं मोवाड गाव वाहून गेलं तो पूर बाबांनी पाहिलेला, त्या दिवशी आमच्या गावात पाणी मारुतीच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीला लागलं होतं. तिथं कोणीतरी छिन्नीनं आडवी खूण केलीय. आज मी आणि चुलतभाऊ पाण्याची नळी घेऊन देवळापासून वावरापर्यंत लेव्हल आणली, नळी पुरली नाही म्हणून मधे चार खुंट्या ठोकाव्या लागल्या, त्यातल्या एकीवर बकरी येऊन उभी. शेवटी निघालं असं की त्या पुराची पातळी आमच्या जागेवर जमिनीपासून पावणेदोन फूट वर. बाबा म्हणाले, "म्हनूनच तुह्या आज्यानं तिथं घर नाही बांधलं." यावर काय बोलणार. पण गावठाणात दुसरी जागा नाही आणि आईला तिच्या विहिरीजवळच राहायचंय.

19 नोव्हेंबर 2023

माती परीक्षा. आधी घरची. भाऊजी शाळेत विज्ञान शिकवतात, त्यांच्याकडून 100 मिलीची मोजपात्रं दोन आणली. माती वाळवून कुटून मैद्याच्या चाळणीनं चाळली, 10 ग्रॅम एका पात्रात पाण्यात, 10 ग्रॅम दुसऱ्यात रॉकेलमध्ये. लॅबमध्ये 425 मायक्रॉनची चाळणी अन डिस्टिल्ड वॉटर असतं, आमचं इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी. रॉकेल मिळवायलाच दोन दिवस गेले, शेवटी पंपवाल्या मेकॅनिककडं एक बाटली निघाली. रॉकेल कशाला तर या मातीच्या बारीक पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं पण रॉकेल शिरत नाही, त्यामुळं रॉकेलमधली माती न फुगता बसते आणि फरक कळतो.

चोवीस तासांनी रॉकेलात 11 मिली, पाण्यात 20. म्हणजे 9 भागिले 11, जवळपास 82 टक्के फुगली. 50 च्या वर गेलं की हलक्या घराला साधा पायवा धोक्याचा मानतात. हलक्या घराला का, तर जड इमारत मातीला दाबून ठेवते, आपल्या एक मजली घराला ती उचलून टाकते. पोरगी दोन्ही नळ्यांकडं बघून म्हणाली, "पप्पा ही पाणी पिऊन जाडी झाली." यापेक्षा बरं मला सांगता आलं नसतं.

17 डिसेंबर 2023

खड्डा घेतला. 3 मीटरच्या जरा पुढंपर्यंत काळी, मग चुनखडीचे खडे असलेली पिवळट, मग मुरूम. वर्ध्याहून लॅबचा रिपोर्ट आला, फुगण्याचा आकडा 80 च्या आसपासच, भाऊजींना फोन करून सांगितलं तर फार खूश.

खड्डा खणायलाच तीन आठवडे गेले, कारण कापूस फुटलाय अन गावातला प्रत्येक हात वेचणीला. दोष नाही त्यांचा, माझाही कापूस त्यांनीच वेचला.

7 जानेवारी 2024

इंजिनियर मॅडम जागेवर आल्या. तीन पर्याय ठेवले.

एक, काळी माती मीटरभर काढून मुरूम दाबून भरायचा. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी यावर पुष्कळ काम केलंय, न फुगणारा चिकट मुरूम साधारण मीटरभर जाड दिला की खालची फुगणारी माती दबून राहते. पण आमच्याकडं पुरासाठी जोतं चार फूट वर न्यायचंच आहे, म्हणजे खाली मीटरभर अन वर चार फूट, एवढा मुरूम आणायला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मोजताना मॅडमचं कॅल्क्युलेटर अन माझा चेहरा दोन्ही बंद पडले. दोन, सगळ्या घराखाली राफ्ट, म्हणजे सळ्या घातलेला काँक्रीटचा एकच जाड स्लॅब. त्याचा लोखंडाचा हिशोब ऐकून बाबा उठून गेले. तीन, फुग्याचे पाइल. बारीक भोक खोल न्यायचं, तळाशी फुग्यासारखं रुंद करायचं, काँक्रीट भरायचं. रुडकीच्या सीबीआरआयनं, म्हणजे केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं, काळ्या मातीसाठीच बसवलेली पद्धत. माती हंगामानुसार हलते ती वरच्या थरात, खाली ओलावा बारा महिने तोच, तिथं हा फुगा मुळासारखा अडकतो. वरची माती फुगून पाइलला उचलायला गेली तरी फुगा सोडत नाही.

मग मीच विचारलं, की पाइल जमिनीवर चार फूट उंचच ठेवले अन त्यावरच जोत्याचा स्लॅब टाकला तर? भराई नको, पूर आला तर खालून जाईल. मॅडमनी पाच मिनिटं वहीत रेघोट्या मारल्या आणि म्हणाल्या होऊ शकतं, स्लॅब महाग पडेल पण मुरूम वाचेल, जवळपास बरोबरी होईल.

बाबा : "म्हनजे मचानावर राहाचं? आपन काय डुकरं राखून राह्यलो का?"

तेव्हापासून घराचं नाव मचाण.

28 जानेवारी 2024

नकाशा सातव्यांदा. 30 बाय 40, आईचं स्वयंपाकघर पूर्वेला, बाबांना तूर अन कापूस ठेवायला एक खोली जिचं दार बैलगाडीच्या मागच्या बाजूच्या उंचीला येईल (ही कल्पना त्यांची, पोती उचलायची नाहीत, सरळ सरकवायची, आता मचाण त्यांना जरा बरं वाटायला लागलंय), बायकोला पश्चिमेला खोल व्हरांडा म्हणजे चारचं ऊन भिंतीवर येणार नाही. मला कवेलू हवे होते. सेवाग्रामची बापू कुटी पाहिल्यापासून डोक्यात होतं, मातीच्या भिंती, वर कवेलू, भर उन्हात आत शिरलं की डोकं शांत. पण वानरं. आमच्या गावातले कवेलू वानरांनीच संपवले अन घराघरावर टिना आल्या. त्यामुळं स्लॅब, वरून चुन्याचा पांढरा हात. ग्रामपंचायतीची परवानगी मिळाली. मोठ्या नद्यांवर निळी अन लाल पूररेषा असते, निळीच्या आत बांधकाम नाही. आमच्या नाल्यावर रेषा आखलेलीच नाही म्हणून देवळाची पायरी हीच आमची रेषा, घराचा तळ तिच्याहून सव्वादोन फूट वर.

18 फेब्रुवारी 2024

पाइल सुरू. 18 पाइल, 30 सेंटीमीटर व्यास, साडेचार मीटर खोल, तळाचा फुगा 75 चा, म्हणजे दांड्याच्या अडीचपट. मशीन पांदण रस्त्यानं येईना म्हणून हाताचा ऑगर, म्हणजे माती पोखरायचा मोठा गिरमिट, दोन माणसं चक्कीसारखी गोल फिरतात, तिसरा माती काढतो. वरचा मीटरभर सोपा. त्याखाली ओली काळी माती ऑगरला अशी चिकटते की दर वेळी विळ्यानं खरवडून काढावी लागते, घाण्याला जुंपलेल्या बैलासारखे पोट्टे फिरून राहिलेत अन ऑगर वर आला की त्याच्यावर हातभर लांब काळा गोळा, तेलकट चमकणारा, हातात घेतला तर साबणासारखा. दिवसाला दोन पाइल झाले तर खूप.

फुगा करायचं हत्यार वेगळं, दांड्यावर दाबलं की खाली पाती बाहेर पडतात अन बाजूची माती खरवडून खालच्या बादलीत पडते. आता खाली साडेचार मीटरवर फुगा झाला की नाही हे दिसणार कसं? टॉर्च मारली तर काळ्यात काळं. मिस्त्रीचा हिशोब मला फार आवडला. म्हणे भाऊ, सिमेंट मोजा. नुसता दांडा भरायला अडीच पोती, फुग्यासकट तीन पोती अन वर थोडं. तीन लागली की झोपा, अडीचमध्ये भरलं की समजा फुगा नाही झाला. मॅडमना विचारलं तर त्यांनी आकडेमोड करून बरोबर म्हटलं.

3 मार्च 2024

अकरा नंबर अडीच पोत्यांत भरला.

झालं असं की परवा अवकाळी आला, गाराही पडल्या, हरभऱ्याचं वाटोळं झालं ते वेगळं. अकरा नंबरचं भोक त्या रात्री उघडं होतं, वर टिन टाकलं होतं पण वाऱ्यानं उडालं. सकाळी पाणी उपसलं, पुन्हा खरवडलं, मिस्त्री म्हणाला ठीक आहे आणि मीही मान हलवली कारण दहा वाजता मला वर्ध्याला पोचायचं होतं. संध्याकाळी आलो तर पोत्यांचा हिशोब जुळेना. फुग्याच्या जागी ढासळलेली माती बसली असणार. मिस्त्री पहिल्यांदा म्हणाला चालून जाते जी, एकच तर हाय. मग स्वतःच गप्प झाला. मॅडमनी निर्णय दिला, अकरा बाद, त्याच्या दोन्ही बाजूंना दीड मीटर सोडून एकेक नवा पाइल अन वरून जाड बीम. म्हणजे बाद झालेला धरून 18 चे 20 झाले, चार दिवस आणि पैसे गेले. चूक अर्धी माझी. भोक केलं त्याच दिवशी भरायचं हे मॅडमनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

14 एप्रिल 2024

पाइलवर कॉलम उभे, जोत्याचे बीम बांधले, खालून सेंट्रिंग. रेतीचा भाव सांगण्यासारखा नाही, पावसाळ्यात घाट बंद म्हणून आत्ताच भरून ठेवली, स्लॅबला नदीची अन जुडाईला क्रशरची.

अख्खं गाव बघायला येतं. एक आजीबाई खालून वाकून आरपार गेल्या, दुसऱ्या बाजूनं निघाल्या आणि म्हणाल्या, "माय, हे तं पुलाच्या खालून गेल्यावानी झालं."

6 मे 2024

जोत्याचा स्लॅब शुक्रवारी पडला. ऊन 44 च्या वर म्हणून रात्री दोनला सुरू केलं, हॅलोजन लावून, सकाळी नऊला संपवलं. गिट्टीवर आदल्या दिवशी पाणी मारून ठेवलं होतं नाहीतर गिट्टीच काँक्रीटचं पाणी पिऊन टाकते. आता स्लॅबवर बारदाना अंथरून दिवसातून पाच वेळा पाणी. हे काम बाबांनी घेतलं. पहाटे साडेचारला बोअर सुरू होतो तो आवाज ऐकून मी कूस बदलतो.

2 जून 2024

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, संपत आला, भिंती झाल्या. फ्लाय ॲशच्या विटा. आपल्याकडं कोराडी अन चंद्रपूरची राख एवढी आहे की मातीच्या विटेपेक्षा हीच सहज मिळते, वजन अन माप सारखं येतं म्हणून मिस्त्रीही खूश. वरचा स्लॅब मृगाआधी टाकायचा की थांबायचं यावर घरात दोन तट. थांबलो. (नंतर जोडलेलं : थांबलो ते बरं, सात तारखेलाच धो धो आला.)

21 जुलै 2024

वरचा स्लॅब उघडीप बघून 28 जूनला टाकला, त्याचे टेकू अजून उभे आहेत, पण ते जोत्याच्या स्लॅबवर. काल रात्री नाला आला. अडीचला कुत्री भुंकायला लागली, टॉर्च घेऊन गेलो तर घराखाली पाणी, आवाज न करता सरकत होतं, कॉलमभोवती गोल वळसे घेत. मोजलं, कॉलमवर फूटभर. सकाळी अकरापर्यंत उतरलं. घराला काहीच नाही. पण जोत्याचं सेंट्रिंग काढून बल्ल्या घराखालीच रचून ठेवल्या होत्या, ही अक्कल माझी, त्यातल्या चाळीसेक तरंगत गेल्या. दिवसभर दोन वावरं पुढं तुरीतून एकेक गोळा केली. तीन एका काकाजींच्या धुऱ्यावर सापडल्या, ते म्हणे मी कुंपणाला लावणार होतो, मग एक त्यांनाच देऊन आलो.

2 सप्टेंबर 2024

पोळा. काम बंद. बैलं घराभोवती फिरवली, तोरण नव्या कॉलमला.

24 नोव्हेंबर 2024

आधी निवडणूक, मग वेचणी, काम रांगतंय. प्लास्टर आतून झालं. यावेळची अडचण म्हणजे पाइप. संडासाचा पाइप घरातून सरळ खाली येऊन चेंबरमध्ये पक्का बसवला होता. घर हलत नाही पण चेंबर मातीवर बसलंय, ते हलतं. पावसाळ्यात चेंबर वर सरकलं, आता माती आकसायला लागली तसं खाली गेलं अन पाइप सांध्याला फाटला. वास आला म्हणून कळलं. आता चेंबरला पाइपपेक्षा मोठं भोक ठेवून मधे रबरी सांधा दिलाय, पाइपला वरखाली व्हायला जागा. जिथं जिथं घर अन जमीन एकमेकांना पकडतात तिथं तिथं हे करावं लागणार हे डोक्यात शिरायला एक फाटका पाइप लागला. बोअरच्या पाइपालाही एक वेटोळं दिलं.

बाहेरच्या पायऱ्यांचंही तेच. मिस्त्री पायऱ्या कॉलमला जोडून बांधायला निघाला होता, थांबवलं. आता पायऱ्या स्वतंत्र, जमिनीवर, घरापासून दोन बोटं सोडून. आईला ती फट आवडली नाही, तिच्या मते तिच्यातून विंचू येईल. विंचवाला यायला फट लागते का.

30 एप्रिल 2025

अक्षय तृतीया, वास्तुशांती झाली. पुरणाचं जेवण, चारशे पान. मंडप घराखाली टाकला नाही पण स्वयंपाक घराखालीच केला, सावली होती. आचारी म्हणाला असं प्रत्येकानं घर बांधावं. पाहुण्यांपैकी निम्मे वर न येता खालीच बसून राहिले, बाबांनी तिथं बाजही टाकली होती. ते स्वतः आता दुपारी तिथंच झोपतात. मी काही बोललो नाही.

25 मे 2025

नवतपा लागला. कूलर दोन, दोन्हींच्या खाली ट्रे आणि नळी, पाणी थेट लिंबाच्या आळ्यात, ते आळं घरापासून पंधरा फूट लांब. बायको म्हणते माणसांपेक्षा कूलरचं ड्रेनेज जास्त विचार करून केलंय. खरं आहे.

आज पायरीकडं लक्ष गेलं. सगळ्यात वरची पायरी ओट्याच्या बरोबरीत बांधली होती नोव्हेंबरात, आता ती खाली गेलीय. पट्टी लावली, 2 सेंटीमीटरला जरा कमी. बाबांनी कॉलमवर पेन्सिलनं रेघ मारली अन तारीख लिहिली.

22 ऑगस्ट 2025

पुन्हा पोळा. पेन्सिलच्या रेघा आता चार झाल्यात. पायरी मे पासून 3 सेंटीमीटर वर आली, आता ओट्याच्याही वर एक बोटभर निघालीय, आई त्यावरून ताट घेऊन येताना ठेचकाळली अन मला दोन शब्द ऐकावे लागले. भिंतींवर आत काचेच्या सहा पट्ट्या लावल्यात, सहाही शाबूत.

सकाळी मात्र बाबा हाका मारत आले, चेहऱ्यावर असा आनंद की गाय व्याली असं वाटावं. "चाल, पाह्य. तुह्या मचानाचं दार अडकलं!" गेलो तर न्हाणीघराचं दार खरंच अडकत होतं, खांदा लावावा लागला. पोटात गोळा. काच पाहिली, शाबूत. ओळंबा सोडला, चौकट सरळ. मग सुताराला बोलावलं, त्यानं दाराच्या खालच्या कडेवर हात फिरवला अन सांगितलं की इथं रंगच मारला नाही कोणी, लाकूड पाणी पिलं. दार काढून रंधा मारला, खाली तेलपाणी केलं, अर्ध्या तासात बसलं. बाबा रंध्याच्या भुश्याकडं बघत थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "त्या जुन्या घरच्या दारालेबी एकदा दाखोन दे याले," आणि बैलांना आंघोळ घालायला निघून गेले.